गुडघ्याची शस्त्रक्रिया ‘यशस्वी झाली’ म्हणजे नेमके काय झाले? दुखापत, जंतुसंसर्ग आणि पुढची वर्षे

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळत असे. चढाई करून परत फिरताना त्याचा उजवा पाय मॅटवर रोवला गेला, गुडघा आतल्या बाजूला वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. एमआरआयमध्ये पुढचे क्रूस लिगामेंट, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आणि ज्याला सगळे एसीएल म्हणतात तो बंध, पूर्ण तुटलेले दिसले. दोन महिन्यांनी मांडीच्या मागच्या बाजूची स्नायुरज्जू काढून तिच्यापासून नवे लिगामेंट बसवण्यात आले. डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ असे सांगितले आणि त्या दिवसापुरते ते खरेही होते.

बाराव्या दिवशी ताप आला. गुडघा गरम लागत होता, सूज उतरायच्या ऐवजी वाढली होती आणि पाय जरासा हलवला तरी तो कळवळत होता. रुग्णालयात फोन केला तेव्हा ‘इतकी सूज असतेच’ असे सांगून गोळ्या लिहून देण्यात आल्या. त्यात आमचे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुसऱ्या शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सुई घालून सांध्यातले पाणी काढले, ते गढूळ निघाले आणि तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू वाढला. त्यानंतर दुर्बिणीतून सांधा दोन वेळा धुतला आणि सहा आठवडे प्रतिजैविके चालू राहिली. नवे लिगामेंट सुदैवाने वाचले.

आज चौदा महिने झाले. तो चालतो, जिना चढतो, मोटारसायकल चालवतो. मात्र गुडघा दुसऱ्या पायाइतका वाकत नाही आणि मॅटवर तो अजून उतरलेला नाही. कागदोपत्री त्याच्या सगळ्या शस्त्रक्रिया यशस्वी आहेत. म्हणूनच मला हा धागा काढावासा वाटला. यशाचे प्रमाण सांगितले जाते तेव्हा ते कशाचे असते, किती काळानंतरचे असते आणि कशाच्या तुलनेत असते, हे आपण विचारत नाही आणि आपणहून कोणी सांगतही नाही.

वाचताना मला सापडलेली एक गोष्ट आधी मांडते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतण्याविषयी २०१४ मध्ये ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता आणि त्यात साडेसात हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांपैकी ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, ६५ टक्के दुखापतीपूर्वीच्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतलेले ५५ टक्केच होते. रुग्ण तेच, शस्त्रक्रिया तीच, आणि तरी तीन वेगळे आकडे. आम्हाला त्यांतला पहिला सांगितला गेला होता. तिसरा ठाऊक असता तरी आम्ही शस्त्रक्रिया केलीच असती, पण मुलाने मनाशी वेगळा हिशेब बांधला असता.

येथे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सदस्य आहेत, तसेच या वाटेने गेलेले रुग्णही आहेत. कृपया अनुभव लिहिताना किती महिन्यांनी काय साधले हे नेमके लिहावे.

अस्थिवेध

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि तो आमच्यापैकी पुष्कळांना अवघड वाटतो हे मान्य करतो.

‘तुलना कशाशी’ या तुमच्या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण एसीएलच्या बाबतीत सारा वाद तिथेच आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले. दुखापत अगदी ताजी होती. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटाने आधी व्यायामोपचार घ्यायचे आणि गुडघा अस्थिर राहिला तरच शस्त्रक्रिया करून घ्यायची असे ठरले. २०१० मध्ये दोन वर्षांचे निकाल आले. रुग्णांनी स्वतः भरलेल्या, शून्य ते शंभर गुणांच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी, सुमारे ३९ गुणांची होती. पाच वर्षांनीही फरक दिसला नाही. मात्र तोवर व्यायाम गटातल्या निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती, हे सांगितल्याशिवाय तो निकाल पुरा होत नाही.

याउलट ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे दुखापत जुनी होती आणि गुडघा वारंवार दगा देत असल्याची तक्रार होती. दीड वर्षानंतर शस्त्रक्रिया गटाचे सरासरी गुण ७३ आणि व्यायाम गटाचे सुमारे ६५ भरले. काही जण हे दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध उभे करतात, ते मला पटत नाही, कारण ते दोन वेगळ्या रुग्णांविषयी बोलतात. ताज्या दुखापतीत थांबून पाहण्याची मुभा असते. महिनोन्‌महिने गुडघा निसटत असेल, तर नुसत्या व्यायामाची वाट पाहत राहण्यात लाभ कमी असतो. तुमच्या मुलासारख्या, झटकन दिशा बदलण्याचा खेळ खेळणाऱ्या मुलाला मीही शस्त्रक्रियाच सुचवली असती.

घाई मात्र करू नये. दुखापतीनंतर पहिल्याच आठवड्यात, गुडघा सुजलेला आणि आखडलेला असताना लिगामेंट बसवले तर सांध्यात जखमेच्या तंतूंचे जाळे तयार होऊन तो कायमचा आखडण्याचा धोका वाढतो, हे १९९१ पासून ठाऊक आहे. सूज उतरणे, पाय पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा स्नायू ताब्यात येणे या तीन गोष्टी आधी साधायला हव्यात.

मैदानमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कबड्डी, खो-खो व कुस्तीच्या खेळाडूंसोबत काम करतो. अस्थिवेध यांच्या लिहिण्याला माझी एकच पुरवणी आहे. शस्त्रक्रियेचा निकाल मला रुग्णाच्या नवव्या महिन्यात दिसतो, आणि नेमके त्याच सुमारास रुग्ण येणे बंद करतात.

नॉर्वे आणि अमेरिकेतील एका संयुक्त अभ्यासात असे दिसले की मैदानावर परतणे एकेक महिना पुढे ढकलले, तर नवव्या महिन्यापर्यंत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्याला ५१ टक्क्यांनी घटत गेले. नव्या लिगामेंटला शरीरात रुजायला, त्यात रक्तवाहिन्या वाढायला आणि त्याचे तंतू नव्याने रचले जायला हा वेळ लागतो, आणि व्यायाम कितीही केला तरी तो काळ आटत नाही. आपल्याकडे सहाव्या महिन्यात गावच्या जत्रेतील स्पर्धा आली की खेळाडू उतरतो, कारण गुडघा दुखत नसतो. दुखत नाही म्हणजे तयार आहे असे नव्हे, हे मला दर आठवड्याला कोणाला तरी सांगावे लागते.

पंचवीस वर्षांखालील जे खेळाडू मैदानावर परततात, त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्क्यांचे एसीएल पुन्हा तुटते, कधी त्याच पायाचे तर कधी दुसऱ्या पायाचे. त्यामुळे मी तीन गोष्टी मोजल्याशिवाय परवानगी देत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवे, एका पायावरच्या उड्यांचे अंतरही तितकेच हवे, आणि नऊ महिने पूर्ण झालेले हवेत. कृष्णाकाठ, तुमच्या मुलाच्या बाबतीत संसर्गामुळे घड्याळ मागे गेले आहे असे समजा. सहा आठवडे प्रतिजैविके चालू असताना त्याचा स्नायू किती झडला असेल, याची मला कल्पना आहे. चौदा महिन्यांनी मॅटवर नसणे हे त्याचे अपयश नाही.

रानवारा

माझा अनुभव संसर्गाचा आहे, पण वेगळ्या प्रकारचा. आई ६८ वर्षांची आहे आणि तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. झिजेमुळे गुडघ्याचा सांधा बदलला तेव्हा पहिले दीड वर्ष उत्तम गेले. नंतर हळूहळू दुखू लागले आणि जखमेच्या जुन्या व्रणाजवळ एक छोटे तोंड पडून त्यातून पातळ स्राव येऊ लागला. आम्ही जवळपास तीन महिने मलम आणि गोळ्यांवर काढले. शेवटी कळले की संसर्ग आत कृत्रिम सांध्यापर्यंत गेला आहे.

आता तिची दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया चालू आहे. पहिल्या टप्प्यात सगळा धातू आणि सिमेंट काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला आहे. दुसरा टप्पा पुढच्या महिन्यात आहे. आम्हाला सांगितले गेले की या पद्धतीत दहांपैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात. मला हे विचारायचे आहे की ‘बरे’ म्हणजे काय?

अस्थिवेध

रानवारा, आधी आईच्या धैर्याला नमस्कार. ठोकळा बसवलेले आठवडे रुग्णासाठी फार कठीण असतात.

तुम्ही सांगितलेला आकडा साहित्यात खरोखर आढळतो. मात्र बहुतेक अहवालांत तो ‘दुसरा टप्पा पूर्ण झालेल्यांपैकी संसर्ग परत न आलेल्यांचा’ असतो. पहिला टप्पा झाल्यावर काही रुग्णांची प्रकृती दुसऱ्या भुलीला झेपत नाही, काही जण ठोकळ्यावरच राहतात, काहींचा मृत्यूही होतो. त्या सर्वांना मोजणीत धरले की आकडा खाली येतो. तुमच्या आई दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचत आहेत, म्हणजे त्यांनी एक मोठा अडथळा पार केलेला आहे. पुढे डॉक्टरांना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. संसर्ग परत येण्याची शक्यता किती, आणि आई काठीशिवाय किती चालू शकतील? कारण जंतू गेले तरी वारंवार उघडलेला गुडघा पहिल्या सांधेबदलाइतका वाकत नाही.

दुसऱ्या वाचकांसाठी थोडे कारण सांगतो. धातूच्या पृष्ठभागावर जिवाणू एक चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आडोशाला राहतात. तिथे प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही आणि शरीराच्या पेशीही पोहोचत नाहीत. संसर्ग अगदी ताजा असेल, म्हणजे सांधा बदलून महिना झालेला नसेल किंवा लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आतच असतील, सांधा हाडात घट्ट असेल आणि त्वचेला तोंड पडलेले नसेल, तर सांधा उघडून, खराब ऊती खरवडून, मधला प्लास्टिकचा भाग बदलून मूळ धातू वाचवता येतो. तो काळ टळला की धातू काढण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही. व्रणातून स्राव येऊ लागला की त्यावर मलम लावणे हा उपचार नव्हेच. तो स्राव आतल्या संसर्गाचा पुरावा मानायला हवा, हे मी येथे ठळकपणे लिहून ठेवतो.

प्रतिजैविकांच्या कालावधीविषयीही स्पष्ट पुरावा आहे. फ्रान्समध्ये कृत्रिम सांध्याच्या संसर्गाच्या ४१० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांमध्ये आणि बारा आठवडे घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांमध्ये संसर्ग टिकून राहिला. शिरेतूनच औषध हवे हा आग्रह मात्र आता तितका राहिलेला नाही. ब्रिटनमधील हजाराहून अधिक रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत, हाडे आणि सांध्यांच्या संसर्गात योग्य गोळ्या शिरेतील औषधापेक्षा कमी ठरल्या नाहीत. ‘योग्य’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण जिवाणू कोणता हे कळल्याशिवाय योग्य गोळी ठरत नाही.

कृष्णाकाठ

याच मुद्द्यावर मला थांबायचे आहे. माझ्या मुलाला त्या चार दिवसांत ज्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांनी ताप उतरला होता. आम्हाला बरे वाटले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले की पाणी तपासायच्या आधी प्रतिजैविक दिल्याने जिवाणू प्रयोगशाळेत न वाढण्याचा धोका आम्ही पत्करला होता. आमच्या नशिबाने तो वाढला. नसता वाढला तर पुढचे सहा आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागले असते.

अस्थिवेध

त्यांनी अगदी बरोबर सांगितले. रुग्णाचा रक्तदाब उतरलेला नसेल, शुद्ध हरपलेली नसेल, तर आधी सुईने पाणी काढायचे आणि मगच पहिली मात्रा द्यायची. सुईने पाणी काढायला दहा मिनिटे लागतात. नैसर्गिक सांध्यात एका मायक्रोलिटरमध्ये ५०,००० च्या वर पांढऱ्या पेशी सापडल्या तर पू असल्याचा दाट संशय घ्यावा, अर्थात आकडा कमी आला म्हणून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. कृत्रिम सांधा जुना असेल तर ३,००० पेशीसुद्धा चिंतेच्या असतात. हा फरक ठाऊक नसलेल्या ठिकाणी कृत्रिम सांध्याचा अहवाल ‘फार काही नाही’ म्हणून बाजूला ठेवला जातो.

संसर्गात घाई का करायची, तर कूर्चेमुळे, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणामुळे. जिवाणू स्वतः आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी अशी विकरे (एन्झाइम) सोडतात जी कूर्चेचा मूळ पदार्थ विरघळवतात, आणि जिवाणू मेल्यानंतरही ती काही काळ काम करत राहतात. म्हणून औषध पुरत नाही, सांधा धुवावा लागतो. गेलेली कूर्चा परत येत नाही.

रुग्णाच्या घरच्यांना उपयोगी पडेल अशी एक खूण आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन, सर्वांचेच वाढते, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरत जाते. उतरलेले सीआरपी पुन्हा चढू लागले, तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसू नये. एसीएलच्या शस्त्रक्रियेत संसर्गाचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. नवे लिगामेंट बसवण्यापूर्वी व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवून ठेवण्याची पद्धत २०१२ नंतर रूढ होत गेली आणि मोठ्या निरीक्षणांत तिने हे प्रमाण आणखी पुष्कळ घटलेले दिसते. तुमच्या शल्यचिकित्सकाला ‘तुम्ही हे करता का’ असे विचारण्यात काहीही गैर नाही.

माणदेशी

डॉक्टर, गुडघ्याच्या क्षयाविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असताना त्याचा डावा गुडघा आठ महिने सुजलेला होता. फार दुखत नव्हते, ताप येत नव्हता, मांडी मात्र बारीक होत चालली होती. दोन वेळा पाणी काढले, ‘जंतू वाढले नाहीत’ असा अहवाल आला आणि एकदा सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शनही दिले गेले. शेवटी दुर्बिणीतून सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला तेव्हा क्षयरोग निघाला. सरकारी केंद्रातून औषधे मोफत मिळाली आणि ती दीड वर्ष घ्यावी लागली. आता चार वर्षे झाली. तो शेतात काम करतो, पण मांडी घालून बसू शकत नाही आणि जेवायला पाटाऐवजी स्टूल घेतो. एवढ्यावर निभावले याचे आम्हाला समाधान आहे.

अस्थिवेध

माणदेशी, आपल्या देशात हा मुद्दा विसरून चालणारच नाही. मणका आणि खुबा यांच्यानंतर हाडांच्या क्षयात गुडघ्याचा क्रम लागतो. साध्या तपासणीत क्षयाचा जंतू वाढत नाही, म्हणून जुनाट सुजेत अस्तराचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शी तपासणी, जनुकीय चाचणी आणि क्षयाच्या जंतूचे संवर्धन (प्रयोगशाळेत तो वाढवून पाहणे) ही तिन्ही मागवावी लागतात. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार हाडांच्या क्षयाची औषधे बारा महिने आणि गरज पडल्यास अठरा महिने चालतात. येथे बरे करण्याचे काम औषध करते. शस्त्रक्रिया निदानासाठी आणि क्वचित अस्तर काढण्यासाठी असते. निदान अस्तराच्या टप्प्यात झाले तर गुडघा जवळपास पूर्ववत होऊ शकतो. कूर्चा खाल्ली गेल्यावर झाले, तर क्षय बरा होतो पण सांधा आखडलेला राहतो. तुमच्या भावाचे आठ महिने त्या दोहोंच्या मधले असावेत.

सांजवेळ

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ५८. पडले नाही, मार लागला नाही, तरी गुडघ्यातली गादी फाटल्याचे एमआरआयमध्ये आले आहे आणि दुर्बिणीतून ती कापून गुळगुळीत करण्याचा सल्ला मिळाला आहे. वरचे सगळे वाचून आता संसर्गाची भीती वाटू लागली आहे. काय करावे?

अस्थिवेध

ताई, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत संसर्ग विरळ असतो, त्यामुळे भीती हे नकाराचे कारण नसावे. पण त्याहून सबळ कारण आहे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, झिजेने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी अर्ध्यांची गादी खरोखर कापली आणि उरलेल्यांच्या बाबतीत केवळ तसा देखावा केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, वर्षभरानंतर दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. त्यानंतर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यावर अशी शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

दोन अपवाद लक्षात ठेवा. गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, असे होत असेल तर फाटलेला तुकडा सांध्यात घुसलेला असू शकतो. दुसरे म्हणजे गादीचे मागचे मूळच हाडापासून सुटले असेल, तर गादी असून नसल्यासारखी होते आणि काही रुग्णांत ते मूळ पुन्हा शिवून बसवणे हिताचे ठरते. तुमच्या अहवालात यांपैकी काही लिहिले आहे का, ते पाहा. नसेल, तर तीन महिने नेटाने व्यायाम करून मग पुन्हा ठरवा.

मैदानमित्र

सांजवेळ ताई, तीन महिने म्हणजे आठवड्यातून किमान तीन दिवस, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर हळूहळू भार वाढवत केलेला व्यायाम. शेक आणि मशिनचे करंट यांना मी त्यात धरत नाही.

रानवारा

अस्थिवेध, तुमच्या दोन प्रश्नांचे उत्तर आज आईच्या डॉक्टरांकडून मिळाले. त्यांनी कागदावर लिहून दिले की काठी कायम लागेल असे धरून चाला आणि नव्वद अंशांपर्यंत वाकला तर ते चांगले फळ माना. शिवाय साखरेचे तीन महिन्यांचे सरासरी मान आठच्या वर आहे, ते उतरेपर्यंत दुसरा टप्पा लांबवला आहे. आईला वाईट वाटले, पण ती म्हणाली की निदान आता कशाची वाट पाहायची ते कळले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मैदानमित्र, तुम्ही सांगितलेली मोजणी काल करून घेतली. मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ डाव्या पायाच्या ७८ टक्के भरले, एका पायावरची उडी ८३ टक्के आणि गुडघा डाव्यापेक्षा बारा अंश कमी वाकतो. पाय सरळ मात्र पूर्ण होतो. पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल, धुण्याच्या वेळचा अहवाल आणि जिवाणूचा अहवाल या तिन्हींच्या प्रती मागून घेतल्या आहेत, कारण त्या आजवर आमच्याकडे नव्हत्याच. मुलाने आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्यासमोर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली आहे. त्या दिवशीची मोजणी येथेच लिहीन.